ती बेपत्ता आहे, एवढंच

आमच्या गावात सरकारी जीप आली की चुली विझतात. रहिमतपूरच्या अलीकडचं गाव, ऊस आणि पलटण या दोन गोष्टींवर उभं राहिलेलं. घरटी एक माणूस फौजेत आहे, नाहीतर होता. सरहद्दीवर कुणी पडलं की आधी साताऱ्याची जीप येते आणि मागाहून तिरंग्यातली पेटी. जीपमधल्या साहेबाच्या डोक्यावर टोपी असली तर काम दुसरं काहीतरी, पेन्शनीचं नाहीतर जमिनीचं. टोपी काढून मांडीवर ठेवलेली असली की समजायचं. बाया ओट्यावरून तेवढंच बघतात आणि आत जाऊन चुलीवर पाणी मारतात. आता गॅस आलेत, तरी बटण बंद करून तवा पालथा घालतात. ज्याच्या दारात जीप थांबली त्याला कुणी सांगायची गरज पडत नाही.

माझ्या दारात जीप थांबली तेव्हा आतल्या साहेबाच्या डोक्यावर टोपी नव्हती. कशी असेल? तो नायब तहसीलदार. त्याला टोपी असतेच कुठं? पण ते पुढं सांगतो. आधी पोरगी.

एकुलती एक. मी फौजेत गाडी चालवली. शाळा म्हणाल तर चौथी, तीही मास्तरच्या मेहेरबानीनं. मला पोरगा नाही याचं दुःख माझ्यापेक्षा भावकीनंच जास्त केलं. मी पोरीला मिरजेला नर्सिंगला घातली. सांगलीत एका जैन म्हातारीच्या घरी तिची खोली होती. म्हातारी दिवस मावळायच्या आत जेवायची, आणि हिलाही तिनं तीच सवय लावली. सुट्टीला घरी आली की उन्हं उतरायच्या आधीच ताट घेऊन बसायची. आई म्हणायची, "आगं, बापानं आजून बैलं सोडली न्हाईत, आन् तुझं जेवान?" ती म्हणायची, "आंधारात काय खातोय ते दिसत न्हाई, आये."

मिरजेच्या दवाखान्यात काही वर्षं नोकरी केली. मग एका बाहेरच्या संस्थेत गेली. जिथं लढाई चालू असते तिथं जाऊन जखमी माणसांचं औषधपाणी करायचं, असं ते काम. लढाई कुणाचीही असो, माणूस कोणत्याही बाजूचा असो. तिनं लग्न केलं नाही. आम्ही विचारायचं सोडून दिलं. शेवटी ज्या देशात गेली त्याचं नाव मी लिहिणार नाही. नाव सांगितलं की लोक म्हणतात, "हां हां, टीव्हीवर बघितलंय." टीव्हीवर बघितलं म्हणजे समजलं असं लोकांना वाटतं, आणि मग ते पुढचं ऐकत नाहीत.

आमचं फोनवर भांडण व्हायचं. भांडण कशावरून, तर छपरावरून.

"दवाखान्याच्या छपरावर मोठी खूण रंगवलीया, आबा. इमानातनं सुद्धा दिसती. आन् ठिकाण दोन्ही बाजूंना कळवलंय."

"कुणाला?"

"दोन्ही फौजांना. हितं दवाखाना हाय, हितं मारू नका म्हणून."

"म्हंजे निशाण्याचा पत्ता तुमीच दिला व्हय गं?"

ती हसली. "तुमी फौजी लोकं असलंच बगणार."

मी नोकरीत काही वर्षं ॲम्ब्युलन्सवर होतो. डोंगरात असताना गाडीवरचा लाल क्रॉस आम्ही चिखलानं झाकायचो, कारण बर्फात लांबून तेवढंच एक दिसायचं. ते मी तिला सांगितलं. म्हणालो, "चिखूल फासा छपराला."

"आन् मग मारलं तर म्हनतील, आमाला खूण दिसलीच न्हाई. आता तसं म्हनायला जागा न्हाई त्यास्नी. सगळ्या देशांनी मिळून ठराव केलाय, आबा. मदतीच्या मानसावर हात टाकायचा न्हाई. आपल्या सरकारनं बी हात वर केलाय त्याला."

"हात वर करून गोळी थांबती व्हय?"

"आबा, जेवला का?"

विषय मिटवायचा असला की ती हे विचारायची.

माझं बरोबर होतं असं मला म्हणायचं नाही. चिखल फासला असता तरी ठिकाण कळवलेलंच होतं. तिचंही बरोबर होतं असं म्हणता येत नाही. आम्ही दोघं भांडत होतो ते ज्याच्यावर आमचा कुणाचाच हात नाही अशा गोष्टीवरून.

आणि आपल्या सरकारनं काही केलंच नाही, असंही मी म्हणणार नाही. गाऱ्हाणं मोठं करायला खोटं बोलावं एवढा मी हलका नाही. त्या देशातल्या आपल्या वकिलातीत तिचं नाव लिहिलेलं होतं. तिला निरोप यायचे, इकडं जाऊ नका, तिकडं जाऊ नका. लढाई शहराच्या अंगाला आली तेव्हा सरकारनं बसगाड्या लावल्या, बंदरावर जहाज उभं केलं. आपल्या लोकांना काढून आणलं. हिलाही दोनदा फोन आला. हिनं बाकीच्यांना बसमध्ये चढवलं, एका बाईचं तान्हं लेकरू वर दिलं, आणि ही खालीच राहिली.

मला फोन केला. "आबा, मी ऱ्हायले. वार्डात अशी मानसं हायती, त्यास्नी उचलता येत न्हाई. टाकून कसं जायाचं?"

मी म्हणालो, "बरं केलंस."

हे ऐकून तिची आई माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही. ताट आणून आदळायची. मी चावडीसमोरच्या पारावर जाऊन सगळ्या माजी सैनिकांना सांगितलं, माझ्या पोरीनं पोस्ट सोडली नाही. छाती पुढं काढून सांगितलं. आजही तेच सांगेन.

मग त्या खूण रंगवलेल्या छपरावरच पडलं. काय पडलं ते मला माहीत नाही. तिचा आवाज आला, बसलेला. "मी हाय, आबा. सगळी न्हाईत, पर मी हाय." जी माणसं वाचली होती त्यांना दुसऱ्या गावी हलवायचं ठरलं होतं. दोन्ही बाजूंनी रस्ता दिला होता, वेळ ठरली होती, गाड्यांची खूण ठरली होती. ती शेवटच्या गाडीत बसणार होती. "आईला सांगा, उजेडातच जेवून निघालीया," म्हणाली. तेवढंच.

पुढच्या गाड्या पोचल्या. शेवटची पोचली नाही.

संस्थेतल्या बाईचा फोन आला, हिंदीत. गाडी लांबून दिसली आहे, जळलेली. आत कोण होतं, किती होते, ते सांगता येत नाही. तिथं जाऊन बघायला अजून वाट नाही. एक फौज म्हणते दुसरीनं मारलं, दुसरी म्हणते पहिलीनं. मी त्या बाईला विचारलं, "रास्ता दोनों को मालूम था ना?" ती म्हणाली, "जी." "टाइम भी?" "जी." मग ती रडायला लागली. मी फोन ठेवला. परक्या बाईचं रडणं मी कशाला ऐकू?

आता जीप.

साधारण महिना झाला असेल. मी वाफ्याला पाणी देत होतो. जीप आली, पुढं बसलेला साहेब उघड्या डोक्याचा, मांडीवर कसलंसं पाकीट धरलेलं. मागं सरकारी दवाखान्यातली एक सिस्टर. जीप गावातून हळू आली, कारण साहेबाला घर माहीत नव्हतं आणि तो जागोजागी विचारत होता. त्यानं ज्याला ज्याला माझं घर विचारलं, त्याच्या त्याच्या घरातली चूल विझली. मी शेतातून येईस्तोवर अंगणात बाया जमल्या होत्या. तिची आई परड्यात शेण काढत होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. अंगणात येऊन तिनं बायांची तोंडं बघितली आणि शेणाचे हात तसेच कपाळावर मारून घेतले.

साहेब जोडे काढून पडवीत उभा. तिकडचा परभणीकडचा, कोवळा माणूस. त्याला कळेना हे काय चाललंय.

"काय झालं? कुणी गेलं का घरात?" त्यानं जीपमागं धावत आलेल्या पोलीसपाटलाला विचारलं.

पाटील म्हणाला, "आवं सायेब, तुमीच बातमी घिऊन आलाय न्हवं?"

"कसली बातमी? मला फक्त आई-वडलांचं रक्त घ्यायचंय. नमुना. तिकडं काही... काही सापडलं तर जुळवून बघायला."

बायांतलं कुणीतरी हळूच म्हणालं, "मंजे मेली न्हाई?" साहेबानं मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. त्यालाही माहीत नव्हतं. सिस्टरनं आमच्या दोघांच्या बोटातून रक्त घेतलं. तिच्या आईच्या बोटाला शेण होतं. ते आधी धुवावं लागलं.

साहेब गेला. विझलेल्या चुली मात्र तशाच राहिल्या. एकदा विझवलेली चूल पेटवायची कशी, हे बायांना कळेना. प्रेत उठल्यावर पेटवायची ही रीत. इथं प्रेत कुठलं उठणार? शेवटी शेजारच्या घरातली म्हातारी म्हणाली, "यमाईचं नाव घ्या आन् पेटवा गं, पोरं उपाशी हायती." तेव्हा कुठं चुली पेटल्या.

आणि दुसऱ्या दिवशी गावच्या कमानीला फ्लेक्स. भावपूर्ण श्रद्धांजली, वीरकन्या, असं काय काय. माझ्या पोरीचा फोटो वर एका गोलात, आणि खाली शोकाकुल म्हणून पुढाऱ्यांचे फोटो, तिच्यापेक्षा मोठे, हात जोडून हसणारे. लावला होता माझ्याच जोडीदारानं. आम्ही एका भरतीत गेलो, तो सुभेदार होऊन आला, मी नाईक.

मी कोयता घेतला आणि फ्लेक्स मधोमध फाडला.

तो पळत आला. "आरं गड्या, काय करतुयास? मान दिलाय तुझ्या पोरीला!"

"मेली म्हनून कुनी सांगितलं तुला?"

"जीप आली हुती की रं!"

"जीप रगात घ्यायला आली हुती."

तो म्हणाला, "मंग मेली न्हाई म्हनून तरी कुनी सांगितलं?"

पन्नास वर्षांची दोस्ती आहे म्हणून कोयता खाली ठेवला. तो बोलला ते खोटं नव्हतं, त्याचाच मला राग आला.

फौजेत माणूस हरवला तर पलटण शोधते. सापडेपर्यंत त्याचं नाव हजेरीत पुकारतात, असं आमच्या वेळी होतं. मला वाटलं, इथं पलटण म्हणजे सरकार. म्हणून मी साताऱ्याला जायला लागलो. सकाळची एसटी, कलेक्टर कचेरी, तोच परभणीचा साहेब. पोरगं चांगलं होतं. मला बाकावर ठेवलं नाही कधी, आत बोलवायचं, चहा मागवायचं. एकदा त्यानं खटपट करून दिल्लीच्या एका बाईसाहेबांशी कॉम्प्युटरवर बोलणं जमवलं. मी कोट घालून गेलो होतो, मेडलं लावून.

बाईसाहेब चांगल्या बोलल्या. "हम पूरा प्रयास कर रहे हैं. दोनों पक्षों से बात की है. हमने इसकी कड़ी निंदा की है."

मी म्हणालो, "साब, निंदा नहीं. रिपोर्ट दो. गाडी में कौन था?"

"वहाँ अभी पहुँचना संभव नहीं है."

"जिन्होंने मारा, वो तो पहुँचे थे ना?"

बाईसाहेब म्हणाल्या, सगळे देश मिळून यावर काम करत आहेत, नवीन ठराव येतोय, मदतीच्या माणसांना आणखी संरक्षण मिळेल, मारणाऱ्यांना जबाबदार धरलं जाईल. मी विचारलं, आधीचा ठराव होता त्याचं काय झालं? म्हणाल्या, "वो भी लागू है." आणि चित्र तिथंच अडकलं. बाईसाहेबांचं तोंड उघडं राहिलं. साहेबानं बटणं दाबली, पण ते काही हललं नाही.

"रेंजचा प्रॉब्लेम आहे बाबा," तो म्हणाला.

रक्ताचा नमुना दिल्लीला गेला, तिथून पुढं गेला. त्या देशात तो जुळवून बघायची सोय होती ती इमारतही पडली म्हणे. मग दुसऱ्या देशात पाठवायचं ठरलं. पण जुळवायचं कशाशी? गाडीपर्यंत कुणी गेलेलंच नव्हतं. ऊस तुटून गेला, त्याच्याच बुडख्यातून खोडवा आला, मी साताऱ्याला जात राहिलो.

एके दिवशी साहेबानं दार लोटून घेतलं. म्हणाला, "बाबा, एक सांगू का? शोध आता जवळजवळ थांबलाय. संस्थाही तिथून निघालीय. घरच्यांनी म्हटलं की आम्ही तिला मृत मानतो, तर पुढचं सगळं मी करून घेईन. दाखला, बाकीचं. तुम्हाला हेलपाटे पडणार नाहीत."

"म्हंजे ती मेली ते मी सांगायचं?"

"दुसरं कुणी सांगू शकत नाही, बाबा."

मी त्याला एकच विचारलं. "आन् मी सांगितलं, की मग तुमचं काम संपलं?"

तो खोटं बोलला नाही. म्हणाला, "हो. फाइल बंद होते."

घरी येऊन मी हे तिच्या आईला सांगितलं. वाटलं, ती माझ्यासारखीच चिडेल. ती भाकरी थापत होती, थापायची थांबली नाही. म्हणाली, "सांगून टाका."

"काय?"

"मेली म्हनून. आन् तिचं काय करायचं ते करा. पळसाच्या पानांचा पुतळा करत्यात, मला म्हाईत हाय. रोज दिवस मावळला की वाटतं, पोरगी कुटंतरी उपाशी फिरतीया."

मी म्हणालो, "ती जित्ती आसंल म्हनून मी थांबलोय असं वाटतं व्हय तुला? मला बी ठावं हाय ती न्हाई. पर मी तोंडानं म्हनलं की ते मोकळे झाले. ज्यांनी मारलं ते, आन् ज्यांनी ठराव केला ते. मग कुनालाच कायबी इचारता येणार न्हाई."

"आता कोन काय सांगतंय तुमाला इचारून?"



तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तुमचं भांडान सरकारशी हाय. त्यात माझी पोरगी टांगून ठिवू नगासा."

आयुष्यात मी कुणाचं ऐकलेलं नाही. सुभेदाराचं नाही, बापाचं नाही. त्या दिवशी तिचं ऐकलं, पण अर्धंच.

संगम माहुलीला, नदीच्या घाटावर गेलो. आम्ही दोघं आणि माझा जोडीदार, गावाला सांगितलं नाही. भटजीनं पळसाची पानं, दर्भ आणि सुतळीनं पुतळा केला. पुतळा लहान होता, बारा-तेरा वर्षांच्या पोरीएवढा. तिच्या आईनं तिची एक जुनी ओढणी आणली होती, ती वर घातली. मी न्हाव्यापुढं बसलो तर भटजी म्हणाले, "आहो, बापानं लेकीसाठी केस द्यायचे नसतात. थोरले धाकट्यासाठी देत नाहीत."

मी म्हणालो, "ती म्होरं गेली. आता थोरली तीच."

न्हाव्यानं भटजीकडं बघितलं, भटजीनं हात हलवला. भरती झाल्यापासून ठेवलेल्या मिशा गेल्या. जोडीदार तिकडं नदीकडं तोंड करून उभा राहिला. पाला वाळलेला होता, अग्नी लगेच लागला आणि लगेच संपला. प्रेताला वेळ लागतो. इथं तिची आई खाली बसेपर्यंत सगळं झालंच. ती म्हणाली, "एवढंच?" भटजी म्हणाले, "एवढंच." पाणी घालून राख नदीत सोडली. परतताना ती गाडीत झोपली. बऱ्याच दिवसांनी तिला झोपलेली बघितली.

पुढच्या सोमवारी मी साताऱ्याला गेलो. जोडीदार म्हणाला, "आता कशाला?" मी एसटीत जाऊन बसलो.

कचेरीत साहेबानं माझ्याकडं बघितलं. मी टोपी घातली होती, पण ओठ उघडा पडला होता आणि कानामागचं डोकं गुळगुळीत दिसत होतं. तो परभणीचा असला तरी तेवढं कुणालाही कळतं. त्यानं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता विचारणार. त्यानं विचारलं असतं तर मला खोटं बोलता आलं नसतं.

त्यानं शिपायाला चहा सांगितला. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "बाबा, तुमच्याकडं काही कळलं का?"

"न्हाई," मी म्हणालो. "तुमच्याकडं?"

"नाही. अजून काही नाही."

"मंग बेपत्ताच लिवा."

त्यानं मान हलवली. चहा आला. आम्ही दोघांनी तो पिऊन टाकला, आणि मी दुपारची एसटी धरली. अजून जातो. तो साहेब बदलून गेला, आता दुसरा आहे. तो आत बोलवत नाही, बाकावर बसवतो. नाव विचारतो, गाव विचारतो, कोण हरवलंय ते विचारतो. मी पहिल्यापासून सांगतो.